फादो कुठून ऐकायला घ्यावा: गायकांची यादी नंतर, आधी एक चाल पकडा

फादो ह्या पोर्तुगीज गाण्याच्या प्रकाराबद्दल एकाने विचारलं होतं, प्रश्न थोडक्यात असा होता: मारिझाची चार-पाच गाणी आणि आमालियाचं एक 'बेस्ट ऑफ' ऐकून झालंय, आवाज भयंकर आवडले, पण भाषा कळत नाही आणि थोड्या वेळाने सगळं एकाच रडक्या सुरातलं वाटायला लागतं. तर पुढे कोणाला ऐकू, कुठली गाणी, डिसेंबरात लिस्बनला चार रात्री आहेत तिथे कुठे जाऊ, आणि घरी पडलेल्या स्पॅनिश गिटारवर ह्यातलं काही वाजेल का.

मी गोव्यात फादो गाणाऱ्यांच्या मागे बसून व्हिओला वाजवतो (व्हिओला म्हणजे आपली साधी सहा तारांची गिटार, पोर्तुगीज लोक तिला असंच म्हणतात), तेव्हा हे उत्तर समीक्षकाचं नाही, गायकाच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्याचं आहे, आवडीनिवडी त्यात येणारच. नावं मी ऐकू येतात तशी लिहितोय.

सगळं सारखं वाटतं ह्यात तुमची काही चूक नाही, 'बेस्ट ऑफ' नावाच्या प्रकाराची आहे. त्यात वीस हिट गाणी एकापाठोपाठ एक टाकलेली असतात, कुठलं कोणत्या काळातलं, कुठलं पारंपरिक आणि कुठलं एखाद्या सिनेमासाठी केलेलं ह्याचा पत्ता नाही. फादोत मुळात दोन प्रकार आहेत. एक 'फादो कांसांव', म्हणजे आपल्या भावगीतासारखं, एक कविता, तिच्यासाठी बांधलेली एक चाल, ध्रुवपद वगैरे. दुसरा 'फादो त्रादिसिओनाल', आणि खरी मजा इथे आहे, कारण इथे चाल वेगळी आणि शब्द वेगळे. चालींना नावं आहेत, शंभराच्या वर चाली आहेत, आणि गायकाने आपल्या आवडीची कविता उचलायची आणि तिच्या मापात बसेल ती चाल तिला लावायची. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या दुसऱ्याच पदाची ओळ छापलेली असायची ना, तसंच हे, फक्त इथे शंभर वर्षांनंतरही तोच व्यवहार जोरात चालू आहे.

सगळ्यात जुन्या तीन चाली म्हणजे मेनोर, कोरीदो आणि मोरारिया. तिघींचा कर्ता कोण ते कोणालाच माहीत नाही. मेनोर मायनरमध्ये, संथ, तुम्हाला जो 'रडका सूर' वाटतो तो बहुतेक हिचा. कोरीदो मेजरमध्ये आणि पळता, ह्यात टिंगलटवाळी, भांडणं, गल्लीतल्या भानगडी सगळं गायलं जातं. तिन्हींत कॉर्ड जेमतेम दोन. म्हणजे साथीदाराला काम काहीच नाही असं वाटेल, पण उलट आहे, दोन कॉर्डच्या मोकळ्या मैदानात गायक वाटेल तिथे पळतो आणि आपण त्याच्या मागे राहायचं.

म्हणून माझा पहिला सल्ला, मारिया तेरेझा दे नोरोन्याचं 'कोरीदो एं सिंकु एश्तिलोश' शोधा. बाई खानदानी घराण्यातल्या, लग्नानंतर काउंटेस, आणि सरकारी रेडिओवर वर्षानुवर्षं त्यांचा फादोचा कार्यक्रम असायचा. ह्या रेकॉर्डिंगमध्ये त्या तो एकच कोरीदो पाच ढंगांनी गातात. गिटार तिथल्या तिथे, कॉर्ड त्याच, आणि दर कडव्याला चाल अशी वळते की आपण वेगळं गाणं ऐकतोय असं वाटावं. आवाज अगदी स्वच्छ, हुंदके नाहीत, गळा काढणं नाही. हे दोन-तीनदा ऐकलंत की 'सगळं सारखं'वाली अडचण निम्मी तरी सुटेल, कारण मग कान चालीवरून उठून गायक काय करतोय त्याच्याकडे जातो. ह्या करण्याला ते लोक 'एश्तिलार' म्हणतात, आणि फादिश्त (फादो गाणारा) मोठा की साधा हे त्यावरच ठरतं, आवाजाच्या पट्टीवर नाही.

आता हाच उद्योग मोठ्या गाण्यांवर करा. आमालिया रोद्रिगेशचं 'एश्त्रान्या फोर्मा दे विदा' तुमच्या त्या 'बेस्ट ऑफ'मध्ये असणारच. शब्द तिचे स्वतःचे, हे माझं भटकं हृदय माझं ऐकत नाही, आता मीही त्याच्यासोबत जाणार नाही, अशा अर्थाचे. पण चाल तिची नाही, ती आल्फ्रेदो मार्सेनेइरोची, नाव 'फादो बायलादो'. तर आता मार्सेनेइरोने स्वतः गायलेलं 'बायलादो' लावा. तिथे शब्द कसले, तर झुळकीवर बागेतले गुलाब नाचतायत, पोरी नाचतायत, पोरं पेट्या वाजवतायत. तीच चाल! कडवं दोन्हीकडे पाच ओळींचं, म्हणून ती बसते, चार ओळींची कविता घेऊन आलात तर ही चाल मिळणार नाही. आमालिया त्याच चालीतून पोटातून उठणारी कळ काढते आणि मार्सेनेइरो कोपऱ्यात उभं राहून जत्रा बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा गातो.

मार्सेनेइरोवर जरा थांबायलाच हवं कारण नवे ऐकणारे ह्याला हमखास सोडून देतात. 1891 चा जन्म, 1982 ला गेला, खरं आडनाव दुआर्ते, पेशाने सुतार, त्यावरूनच हे नाव पडलं. डोक्याला टोपी, गळ्यात रुमाल. आवाज लहान आणि घोगरा, रेकॉर्डिंगची त्याला चीड, स्टुडिओत गाताना डोळ्यांवर रुमाल बांधून गायला असं सांगतात, म्हणजे समोर मायक्रोफोन आहे हे दिसायला नको. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा वाटेल हा बेताल आहे. बेताल नाही, तो शब्द बोलतो तसा गातो, ओळ उशिरा उचलतो आणि बरोबर वेळेवर सोडतो. त्याचं 'आ काझा दा मारिकिन्याश' हे नक्की ऐका, बदनाम गल्लीतल्या एका बाईच्या घराचं वर्णन, खिडकीच्या लाकडी पट्ट्यांपासून सगळं. हे घर पुढे इतकं गाजलं की लोकांनी त्याचे पुढचे भाग लिहिले. मार्सेनेइरोनेच त्या घराचा लिलाव गायला, मग 1968 ला आमालियाने 'व्होउ दार दे बेबेर आ दोर' म्हणून गायलं ज्यात ती ते घर बघायला जाते आणि तिथलं काही म्हणता काही राहिलेलं नाही (गाणं मात्र उडतं आहे, पाय हलायला लागतात), आणि अगदी 2013 ला जिझेला जुआंवने तेच घर पुन्हा काढलं, ह्या वेळी शब्द कापिकुआ नावाच्या रॅपरचे. ही गाणी ओळीने ऐका, पोर्तुगीज येत नसलं तरी पट्ट्यांची खिडकी प्रत्येकात ऐकू येते, 'ताबुइन्याश' हा शब्द पकडून ठेवा.

अशीच दुसरी जोडी सांगतो. जोआकीं कांपोशची 'फादो व्हितोरिया' ही सहा ओळींच्या कडव्याची चाल. आमालियाचं 'पोवु के लावाश नु रिउ' हिच्यावर आहे, कविता पेद्रो ओमें दे मेलोची, नदीवर कपडे धुणाऱ्या लोकांना उद्देशून, तुम्ही माझ्या शवपेटीच्या फळ्या तुमच्या कुऱ्हाडीने तासता असं म्हणणारी. आणि त्याच चालीवर फेर्नांदो मौरिसियोचं 'इग्रेझा दे सांतो एश्तेवांव', आलफामा ह्या लिस्बनच्या जुन्या वस्तीतल्या एका चर्चच्या आवारात पूर्वी रात्री फादो रंगायचा त्याची आठवण. मौरिसियो मोरारियाचा (ही चाल नाही, लिस्बनची त्याच नावाची वस्ती), 2003 ला गेला, बाहेरच्या जगात नाव फार नाही कारण बाहेर जायची त्याला हौसच नव्हती, पण लिस्बनच्या जुन्या गल्ल्यांत अजून विचारा, फादोचा राजा कोण, तर त्याचं नाव येतं. आमालियाचं व्हर्जन थिएटरमधलं, मौरिसियोचं टेबलावर ग्लास असलेलं. मला विचाराल तर रात्री उशिरा मी दुसरं लावतो.

हे चालीचं प्रकरण प्रत्यक्षात कसं चालतं तेही सांगतो, म्हणजे ऐकताना डोळ्यापुढे राहील. गायक गिटारवाल्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहतो, अर्धवट मागे वळून हळूच सांगतो, 'व्हितोरिया, ला मेनोर', म्हणजे चाल व्हितोरिया आणि पट्टी ए मायनर, बस. रिहर्सल नाही, कागद नाही, कविता कोणती आहे हे आम्हाला माहीत नसतं, कधीकधी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असतो. गितारावाला (बारा तारांची पोर्तुगीज गितारा वाजवणारा) सुरुवातीचा तुकडा वाजवतो, मी बेस आणि कॉर्ड धरतो, दिवे मंद होतात, गायक डोळे मिटतो. ओळीच्या शेवटी तो श्वास घेईल त्या फटीत गितारावाल्याने बोलायचं, आणि तो पुन्हा सुरू झाला की बोलता बोलता बाजूला व्हायचं. शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ पुन्हा येते, तिथे कधीकधी गायक मध्येच थांबतो, सगळे थांबतात, तो वर एक तान घेऊन खाली उतरतो आणि मग आम्ही दोन फटके मारून संपवतो. लोक 'आ फादिश्ता' म्हणून ओरडतात, ते टाळ्यांच्या आधी येतं. हे आलं की समजायचं जमलं, नुसत्या टाळ्या तर जेवायला आलेले टुरिस्टही वाजवतात.

गितारा म्हणजे ती पेरूच्या आकाराची, बारा तारांची, सहा जोड्या, बोटांना खोटी नखं लावून वाजवतात. तिचा तो चमचमणारा आवाज. लिस्बनची डोक्याला गोगलगाईसारखी गुंडाळी असलेली, कोइंब्रा ह्या विद्यापीठाच्या गावची थेंबाच्या आकाराची आणि एक पूर्ण स्वर खाली लावलेली, त्यामुळे कोइंब्राचा आवाज जाड आणि गंभीर.

बरं, आता आमालिया. तिला टाळून फादो ऐकता येत नाही आणि फक्त तिलाच ऐकूनही होत नाही. 1920 ते 1999, लहानपणी बंदरावर फळं विकलेली पोर, गेली तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला आणि 2001 मध्ये तिला राष्ट्रीय पँथिऑनमध्ये (देशातल्या थोरांच्या समाधींच्या जागी) हलवलं. 'बेस्ट ऑफ' बाजूला ठेवा आणि दोन रेकॉर्ड आख्ख्या ऐका. पहिली 1962 ची, जिच्या कव्हरवर तिचा अर्धपुतळा आहे म्हणून सगळे तिला 'बुश्तु' म्हणतात, आणि दुसरी 1970 ची 'कों के व्होझ'. दोन्हींच्या मागे आलँ उलमान नावाचा माणूस आहे, पोर्तुगालमध्ये जन्मलेला फ्रेंच ज्यू, पियानोवर चाली बांधायचा. त्याच्या कॉर्ड इतक्या वळणावळणाच्या की आमालियाचा गितारावाला जोझे नुनेश वैतागून 'चला, ऑपेराला' म्हणायचा असं सांगतात. साथीदार म्हणून माझी पूर्ण सहानुभूती नुनेशला, 'मारिया लिझबोआ' पहिल्यांदा वाजवा म्हणजे कळेल. पण ह्याच माणसाने मोठ्या कवींना फादोत आणलं, 1965 ला आमालियाने कामोंइशच्या कविता गायल्या तेव्हा पेपरांतून वाद झाला, राष्ट्रकवी दारूच्या गुत्त्यात नेला म्हणून. पुढच्याच वर्षी उलमानला हुकूमशहा सालाझारच्या गुप्त पोलिसांनी पकडून देशाबाहेर काढलं. 

'बुश्तु'मधलं 'आबांदोनु' लक्ष देऊन ऐका. वरवर प्रेमगीत, तुला दूर नेलं, जिथे फक्त वारा आणि समुद्र ऐकू येतो. पण लोकांना लगेच कळलं की समुद्राकाठचा तो किल्ला म्हणजे पेनिशचा राजकीय कैद्यांचा तुरुंग, आणि गाण्याला 'फादो पेनिश' हेच नाव पडलं. 'कों के व्होझ'मध्ये 'गायव्होता' सगळ्यांना आवडतं, मलाही, पण माझं आवडतं 'नाउफ्राझियु'. माझं स्वप्न मी जहाजात ठेवलं, जहाज समुद्रात सोडलं आणि मग दोन्ही हातांनी समुद्र उघडला, स्वप्न बुडावं म्हणून. कविता ब्राझीलच्या सेसिलिया मेइरेलिशची, ह्याच बाई 1953 मध्ये भारतात आल्या होत्या आणि इथल्या प्रवासावर त्यांचा एक आख्खा कवितासंग्रह आहे.

'बार्कु नेग्रु'ची गोष्टही सांगायलाच हवी. तुम्ही ते मारिझाचं ऐकलं असेल, ढोलाच्या ठेक्यावरचं. मूळ चाल फादो नाहीच, ब्राझीलचं 'मांय प्रेता' नावाचं गाणं, गोऱ्या मालकाचं पोर वाढवणाऱ्या काळ्या दाईचं, जिच्या स्वतःच्या पोराला मात्र फटके पडतायत. पोर्तुगालमध्ये सेन्सॉरने ते शब्द अडवले. तेव्हा दाविद मोरांव-फेरेइरा ह्या कवीने त्याच चालीला नवीन शब्द लिहिले, प्रियकर होडीतून गेलाय, किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या म्हणतात तो येणार नाही, आणि बाई म्हणते, वेड्या आहेत त्या. 1955 च्या एका फ्रेंच सिनेमात आमालियाने ते गायलं आणि बाहेरच्या देशांत तिचं नाव झालं. सेन्सॉर तसाही फादोच्या मानगुटीवर 1927 पासून होता, शब्द तपासून घ्यायचे, गाणाऱ्याकडे परवान्याचं कार्ड हवं, त्यामुळे रस्त्यावरचा, संपावर आणि मजुरांवर गाणारा फादो हळूहळू घरात, रेस्टॉरंटात आणि नशिबाच्या गाऱ्हाण्यात शिरला. आज जो फादो फक्त दुःखी वाटतो त्याला हेही एक कारण आहे.

दुःखी नसलेला हवाय? एर्मिनिया सिल्वा. तिचं 'आ तेंदिन्या' एका दारूच्या छोट्या दुकानाचं कौतुक आहे, बाई नाटकातली, मध्येच मिश्कील बोलते, साथीदारांची फिरकी घेते. लोक फादोच्या यादीत हिला घालत नाहीत ह्याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं.

पुरुषांत कार्लोस दो कार्मो. आईच लुसिलिया दो कार्मो, मोठी गायिका (तिचं 'मारिया मादालेना' ऐका, ते राहू देऊ नका), घरचंच 'ओ फाया' नावाचं फादोघर (जेवता जेवता फादो ऐकायची जागा). 1974 च्या क्रांतीने हुकूमशाही गेली, त्यानंतर फादोला फार वाईट दिवस आले, हे सालाझारच्या काळाचं लाडकं गाणं म्हणून तरुण नाक मुरडायचे, खुद्द आमालियावर राजवटीची बाहुली असल्याचा आरोप झाला, आणि नंतर कळलं की ती गुपचूप विरोधकांना पैसे देत होती. त्या वातावरणात कार्लोसने 1977 मध्ये 'उं ओमें ना सिदादे' काढली, सगळ्या कविता आरी दोस सांतोशच्या, आणि त्यात नशीब वगैरे काही नाही, नुकतं मोकळं झालेलं शहर आहे. पूर्ण ऐका, सिंगल्स म्हणून तोडू नका. शिवाय 'लिझबोआ मेनिना इ मोसा' आणि गल्लीतल्या पोरांवरचं 'उश पुतुश'. त्याचं शब्दांचं उच्चारण इतकं साफ आहे की पोर्तुगीज शिकणाऱ्यांना मी त्यालाच ऐकायला सांगतो. 2021 च्या 1 जानेवारीला गेला.

त्याच्यानंतरचा माझ्या मते सगळ्यात मोठा पुरुष आवाज कामाने. मंचावर काही करत नाही, खिशात हात घालून गाईल असा माणूस. 2008 च्या 'सेंप्रे दे मीं'मधलं 'सेय दे उं रिउ' लावा, चाल पुन्हा उलमानचीच, कविता पुन्हा पेद्रो ओमें दे मेलोची. मग 2017 ची मार्सेनेइरोची गाणी गायलेली रेकॉर्ड, आणि तिच्यानंतर लगेच मूळ मार्सेनेइरो. दोन्ही रेकॉर्डिंगांत पन्नासेक वर्षं आहेत पण ओळ उशिरा उचलायची खोड तीच.

मारिझाबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून स्पष्टच बोलतो. मोझांबिकमध्ये जन्म, मोरारियात वाढली, आवाज अफाट, त्यावर वाद नाही. पहिली 2001 ची 'फादो एं मीं' चांगली आहे पण आमालियाची सावली फार. 'ओ जेंते दा मिन्या तेर्रा' त्यातलंच, शब्द आमालियाने लिहून ठेवलेले पण कधी रेकॉर्ड न केलेले, चाल तियागो माशादोने नवीन केली. ते स्टुडिओतलं ऐकण्यापेक्षा लिस्बनमधल्या बेलेंच्या मनोऱ्याजवळच्या मैफलीतलं ऐका, 2006 ला आलेली 'कोंसेर्तु एं लिझबोआ', गाता गाता ती रडते आणि काही क्षण गाऊच शकत नाही, हजारो लोक तिच्यासाठी थांबतात. माझी शिफारस मात्र 2005 ची 'त्रांसपारेंते'. नंतरचं बरंचसं मला फार घासूनपुसून चकचकीत केलेलं वाटतं.

आना मोउराचा खर्जातला आवाज, तिचं 'उश बुझियुश' आधी, कवड्या टाकून भविष्य बघण्याचं गाणं, मग 'देसफादो' (2012). 'देसफादो'वर जुने लोक खूप चिडले होते, मला ती रेकॉर्ड आवडते, फादो म्हणून नाही, गाणी म्हणून. कार्मिन्यो मात्र आतली बाई, आई तेरेझा सिकेइरा स्वतः फादिश्त, लहानपण फादोघरात गेलेलं. 2009 ची पहिली 'फादो' ऐका आणि त्यातलं 'एश्क्रेव्ही तेउ नोम नु व्हेंतु'. पुढे 2023 ची 'पोर्तुगेझा'. आंतोनियो झांबुजो हा आलेंतेजु प्रांतातला, आवाज मऊ, ब्राझीलच्या बोसा नोव्हाकडे झुकलेला, ज्यांना फादो 'जड' वाटतो त्यांना मी 2012 ची 'किंतु' देतो आणि ते खूश होतात. रिकार्दो रिबेइरोच्या गळ्यात अशा हरकती आहेत की आपल्या कानाला ओळखीच्या वाटतील, ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्या रबीह अबू-खलीलबरोबर त्याने केलेली 2008 ची 'एं पोर्तुगेश' चुकवू नका. 

आणि ह्या सगळ्यांत जिचं नाव कुठल्याच 'टॉप टेन'मध्ये येत नाही ती आल्दिना दुआर्ते. ही बाई जवळजवळ पूर्णपणे पारंपरिक चालीच गाते, शब्द मात्र आजच्या कवींचे. 'आपेनाश उ आमोर' (2004) घ्या. वाद्यं कमी, सजावट शून्य. इथे पोचेपर्यंत चार चाली तुमच्या ओळखीच्या झालेल्या असतील, आणि मध्येच एखादी ओळखू आली की जो आनंद होतो त्यासाठीच हा खटाटोप.

कोइंब्राचा फादो म्हणजे वेगळंच घर, विद्यापीठातल्या पोरांचा, काळे झगे, रूढीने फक्त पुरुषांनी गायचा, रात्री खिडकीखाली किंवा जुन्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर, आणि जुन्या रिवाजात टाळ्या नाहीत, खाकरून दाद द्यायची. गायकी मला थोडी नाटकी वाटते. पण तिथून दोन माणसं निघाली. जोझे आफोन्सो, ज्याचं 'ग्रांदोला' 25 एप्रिल 1974 ला मध्यरात्र उलटल्यावर रेडिओवर वाजलं तो क्रांतीचा इशारा होता (ते फादो नाही, पण त्याची सुरुवात कोइंब्राच्या फादोतली). आणि गितारावाला कार्लोस पारेदेस. हा गात नाही, फक्त वाजवतो. 'व्हेर्देश आनोश' ऐका, मग 1971 ची 'मूव्हिमेंतु पेर्पेतुओ'. जगभर नाव होऊनही हॉस्पिटलातली कारकुनी करत राहिला, आणि 1958 ला कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात टाकला तेव्हा कोठडीत फेऱ्या मारताना हवेत बोटं फिरवायचा, बरोबरच्या कैद्यांना वाटलं ह्याचं डोकं गेलं, तो चाली बांधत होता असं सांगतात. भाषेचा प्रश्नच नाही, तेव्हा भाषा अडते म्हणणाऱ्यांनी इथूनही सुरू करायला हरकत नाही.

गोव्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो कारण लिस्बनपेक्षा पणजी जवळ आहे. मांडो म्हणजे गोव्याचा फादो असं लोक ठोकून देतात, तसं नाही, मांडो कोंकणी, नाचाबरोबरचा, त्याचा जन्म सासष्टीतल्या घरांतला, त्याची दोन सुरांतली गायकी वेगळी. फादो गोव्यात पोर्तुगीजमधूनच गायला जातो आणि आज त्यातलं पहिलं नाव सोनिया शिरसाट, फोंड्याची. पोर्तुगालचे बुजुर्ग गितारावादक आंतोनियो शायन्यो ह्यांच्या 2010 च्या 'लिझगोआ' रेकॉर्डवर ती आहे. प्रत्यक्ष ऐकायची संधी मिळाली तर सोडू नका, मायक्रोफोनशिवाय खोलीत ऐकलेला फादो आणि हेडफोनवरचा ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लिस्बनच्या चार रात्री. पहिल्या दिवशी दुपारी आलफामात फादो म्युझियम करून टाका, तिथे जुनी रेकॉर्डिंग ऐकता येतात. रात्री जेवणासकटची फादोघरं महाग पडतात पण एक रात्र घालवा, 'मेझा दे फ्रादेश' ही पूर्वी चॅपेल होती, भिंतीवर निळ्या फरशा, खोली लहान, आवाज थेट छातीवर येतो. 'पारेइरिन्या दे आलफामा' ही आर्जेंतिना सांतोशची जागा, जी स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन गायची. एक रात्र 'ताश्का दु शिकु'ला, तिथे 'फादो व्हादियु' असतो, म्हणजे कोणीही हौशी उठून गातो, टॅक्सीवाला, नर्स, कोणीही, काही वाईट गातात आणि एखादा असा गातो की पुढचे दोन दिवस डोक्यातून जात नाही. लवकर जा, जागा चार टेबलांची. रस्त्यावर मेनूकार्ड हलवत 'फादो शो' म्हणून बोलावणाऱ्यांकडे जाऊ नका. गाणं सुरू असताना वेटरसुद्धा थांबतो, तेव्हा काट्या-चमच्यांचा आवाज नको, फोनचा फ्लॅश तर अजिबात नको, दोन गाण्यांच्या मध्ये हवं तेवढं बोला. नाताळच्या आदल्या रात्री बरंचसं बंद असतं तेवढं आधी फोन करून बघा.

शब्दांसाठी एवढंच करा, गाणं लावण्याआधी एकदा भाषांतर वाचा आणि मग बाजूला ठेवा, ऐकताना ओळीवर बोट ठेवून वाचत बसू नका.

गिटारचं. गिताराचा भाग स्पॅनिश गिटारवर वाजवायच्या भानगडीत पडू नका, ती जुळणी आणि ती नखं ह्याशिवाय तो आवाज येत नाही. व्हिओलाचा भाग मात्र तुमच्याकडे आहे त्याच गिटारवर वाजतो. मेनोर ई मायनरमध्ये धरा, ई मायनर आणि बी सेव्हन, एवढंच. अंगठ्याने बेस, बाकी तीन बोटांनी वरच्या तारा एकदम, चारच्या मापात, बेस एकदा मूळ स्वर आणि एकदा पाचवा असा बदलत. कोरीदोला जी आणि डी सेव्हन, लय वाढवा. आवाज लहान ठेवा, तारेवर हात थोडा दाबून. मग मारिया तेरेझा दे नोरोन्याचं ते पाच ढंगांचं रेकॉर्डिंग लावून, कॅपो (तारा दाबून पट्टी चढवायचा चिमटा) तिच्या पट्टीला सरकवून तिच्यामागे वाजवा, आणि कॉर्ड कधी बदलायची हे मोजून ठरवू नका, तिच्या ओळीचा शेवट कुठे पडतो ते ऐका, पहिल्या कडव्यात चुकेल, तिसऱ्या ढंगापर्यंत हात आपोआप बदलायला लागतो.